न लिहिलेली जागा

चारुलताताई आमच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा आल्या त्या डिस्चार्ज कार्डं टाइप करायला. मी धंतोलीतल्या या हॉस्पिटलात नोकरीला लागलो तोवर त्या तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत बसू लागल्या होत्या आणि सगळे त्यांना कम्प्युटरवाल्या मॅडम म्हणत होते. मधली गोष्ट मला रेकॉर्ड रूमच्या लोकांनी सांगितली. काटोलच्या कॉलेजातून गणितात बी.एस्सी. झालेली बाई, लग्नानंतर बेसाला राहायला आलेली. टायपिंगची जागा निघाली, लागली. एकदा रेकॉर्डचा सर्व्हर बंद पडला. दुरुस्तीवाला दोन दिवस फोनवर ‘निघालो, निघालो’ म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सर्व्हर चालू होता, आणि काय बिघडलं होतं आणि काय केलं हे ताईंनी एका फुलस्केप कागदावर लिहून ठेवलं होतं. त्याने कागद वाचला, घडी घालून खिशात घातला आणि चहासुद्धा न पिता गेला.

त्याला चौदा वर्षं झाली. आता हॉस्पिटलातले लिनक्स या प्रणालीवर चालणारे सगळे सर्व्हर त्यांच्या हाताखाली आहेत. लिनक्सच्या प्रत्येक कमांडसोबत माहितीची पानं येतात. लोक ती अडल्यावर उघडतात, हवी ती ओळ शोधतात आणि बंद करतात. ताई ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, दुपारी डबा खाताना, जसं कोणी पेपर वाचतं.

मी सुशील, ईईजीचा टेक्निशियन. माझं काम पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायचं आणि मेंदूची नोंद घ्यायचं. खरं सांगायचं तर मी ताईंना थोडा घाबरून असायचो. त्या रागवायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, ‘हे बटन तू काहून दाबलं?’ आणि मग खरोखर उत्तराची वाट पाहत उभ्या राहायच्या.

गेल्या वर्षी जानेवारीत भूमिका आमच्याकडे भरती झाली. वय एकोणीस, नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरची संत्र्याची बाग. अकराव्या वर्षापासून तिला झटके येत होते. तीन वेगवेगळी औषधं झाली होती, झटके थांबत नव्हते. शाळेच्या जिन्यावर पडून एक दात तुटला होता, चुलीपाशी पडून मनगट भाजलं होतं. आमच्या डॉ. वैदेही पांढरीपांडे यांना वाटत होतं की झटका मेंदूच्या एकाच ठरावीक जागेतून निघत असावा. तसं असेल तर ऑपरेशन करता येतं. पण ती जागा नेमकी कोणती, हे पाहायला झटका आमच्या यंत्रासमोर यायला हवा.

त्यासाठी पेशंटला चार दिवस कॅमेऱ्यासमोर, डोक्याला तारा लावून ठेवतात आणि औषधं हळूहळू कमी करतात. म्हणजे ज्याची त्या पोरीला आठ वर्षं भीती वाटली, तेच यावं म्हणून आम्ही सगळे वाट पाहतो. या कामाची मला सवय झाली आहे, पण दरवेळी पहिल्या दिवशी आईबापांना हे समजावून सांगताना माझी नजर खाली जाते.

भूमिकासोबत तिची आई शामलाबाई होती. काटक बाई, बोलायला मोकळी. सोमवारी अकरा वाजता मी रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा तिने मला विचारलं, “भाऊ, हे मशीन झोपत तर नाही ना?”

“नाही मावशी. चोवीस तास चालते.”

“मंग मी झोपली तरी चालते,” असं ती म्हणाली, आणि झोपली मात्र नाही.

मंगळवारी सकाळी पहिला झटका आला. बुधवारी दुपारी दोन सदतीसला दुसरा. भूमिकाने आधी सांगितलं की गूळ करपल्यासारखा वास येतोय. मग तिची नजर थिजली, डावा हात वळायला लागला. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं आणि ती गाढ झोपली. सिस्टरने वेळ लिहून ठेवली. डॉ. वैदेही ओपीडीत होत्या. त्या म्हणाल्या, चार वाजता येऊन दोन्ही झटके एकत्र पाहते.

तीन वीसला लाइट गेली. ती रोजच कुठे ना कुठे जाते, त्यात विशेष काही नाही. पण त्या दिवशी आमच्या मजल्यावरचा यूपीएसही बसला आणि रेकॉर्डिंगचं यंत्र एका क्षणात काळं पडलं. पाच मिनिटांनी लाइट आली, यंत्र सुरू झालं. मी यादी उघडली. भूमिकाच्या नावापुढे लिहिलं होतं: कालावधी शून्य तास, शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

बावन्न तास, दोन झटके, आणि समोर शून्य.

त्यात दुसरी अडचण. औषधं कमी केलेली होती, म्हणजे तिसरा झटका केव्हाही येऊ शकत होता, आणि निदान तो तरी पकडायलाच हवा होता. मी नवीन रेकॉर्डिंग सुरू करायला गेलो तर यंत्र म्हणालं, डिस्कवर जागा नाही.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, वो सेशन करप्ट हो गया है,” तो म्हणाला. “ज़ीरो सेकंड मतलब उसमें कुछ है ही नहीं. खाली फाइल है, जगह खा रही है. डिलीट मारो, नया चालू करो.”

त्याचं बोलणं मला पटलं. हे मी लपवत नाही. फाइल एकशे सत्तर जीबीची होती आणि आत शून्य सेकंद. ती काढली की लगेच नवीन रेकॉर्डिंगला जागा. मी फाइल निवडली. ‘नक्की डिलीट करायचं?’ असं यंत्राने विचारलं.

तेवढ्यात दार उघडून चारुलताताई आत आल्या. यूपीएस बसल्याचं कळल्यावर त्या कोणी न बोलावता एकेक मजला पाहत वर येत होत्या.

“थांब गा सुशील. हात काढ माउसवरून.”

मी हात काढला.

“काय डिलीट करून राहिला?”

“ताई, भूमिकाचं रेकॉर्डिंग. करप्ट झालं. शून्य सेकंद दाखवून राहिलं.”

“शून्य कोण म्हणते?”

“सॉफ्टवेअर.”

“ते त्याचं म्हणणं झालं. डिस्क काय म्हणते ते पाहिलं का?”

डिस्कला काही विचारता येतं हेच मला माहीत नव्हतं. फोनवरचा माणूस ‘हॅलो, सर, हॅलो’ करत होता. ताईंनी फोन घेतला, “आपको बाद में कॉल करते हैं,” म्हणाल्या आणि ठेवून दिला. मग त्यांनी माझ्याकडून तीन गोष्टी विचारून घेतल्या: रेकॉर्डिंग किती वाजता सुरू केलं, लाइट किती वाजता गेली, आणि एका सेकंदाला यंत्र किती लिहितं. तिसऱ्याचं उत्तर मला येत नव्हतं. त्यांनी कपाटातून यंत्राचं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात शोधलं. प्रत्येक सेकंदाचा एक तुकडा, तारांची नोंद आणि चित्र मिळून, अर्ध्या एमबीचा. सगळे तुकडे एकाच मापाचे. त्यांनी ते हातावर पेनाने लिहून घेतलं.

मग त्यांनी स्क्रीनवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि एक कमांड दिली. स्क्रीनवर आकड्यांच्या ओळी उतरत गेल्या. मला त्यात काही कळेना. ताई मात्र बोट लावून एकेक ओळ वाचत होत्या, आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

“हे पाय. हा फाइलचा नकाशा आहे. डिस्कवर कुठून कुठपर्यंत तिची जागा आहे ते. ह्या ओळीपासून खाली प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द दिसते का?”

शब्द इंग्रजी होता, ‘अनरिटन’. न लिहिलेली.

“आणि वरच्या ओळींत?”

“वर नाही.”

“वर नाही,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या. “म्हणजे वर लिहिलेलं आहे.”

दारात शामलाबाई उभी होती. ती केव्हा आली ते आम्हाला कळलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं असावं.

“बाई, माह्या पोरीचं सगळं गेलं का?”

मी काहीतरी गुळमुळीत बोलणार होतो. ताईंनी तिला आत बोलावलं, स्टूल दिलं.

“शामलाबाई, तुम्ही एसटीनं आल्या ना? गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, माहीत आहे?”

“माहीत काय, मीच टाकते.”

“तसंच आहे हे. ह्या मशीननं सोमवारी चार दिवसांच्या सगळ्या सीटांवर रुमाल टाकून ठेवले, मधातच गाडी भरू नये म्हणून. मंग एकेक सेकंद येऊन आपल्या सीटवर बसत गेला. लाइट गेली तेव्हा अर्ध्या गाडीत माणसं बसली होती आणि अर्ध्या गाडीत नुसते रुमाल. मोजणी शेवटी करायची राहते. ती झालीच नाही, म्हणून कागदावर शून्य. पण माणसं बसूनच आहेत.”

शामलाबाईने स्क्रीनकडे पाहिलं, मग ताईंकडे.

“मंग उतरवू नका त्यांले.”

“नाही उतरवत,” ताई म्हणाल्या.

एका क्लिकचा प्रश्न होता. ताईंनी नंतर मला सांगितलं की नुसतं डिलीट झालं असतं तरी एक वेळ काही करता आलं असतं, पण मी लगेच नवीन रेकॉर्डिंग सुरू केलं असतं, आणि ते त्याच मोकळ्या झालेल्या जागेवर लिहिलं गेलं असतं. भूमिकाचे जुने दोन दिवस भूमिकाच्याच नव्या दिवसांनी पुसले असते.

पण तेव्हा हे बोलायला वेळ नव्हता. पोरगी यंत्राविना पडून होती. ताईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या फाइलला कुलूप लावलं, कोणालाही ती बदलता किंवा काढता येऊ नये असं. मग तो नकाशा दुसऱ्या कम्प्युटरवर जपून ठेवला.

“हे आत्ताच काहून?” मी विचारलं.

“फाइलची कॉपी केली तर आकडे येतीन, पण कुठं लिहिलं आणि कुठं नाही ही खूण कॉपीत राहीनच असं नाही. आधी नकाशा, मंग बाकी.”

आता जागेचा प्रश्न. डिस्कवर आणखी सात पेशंटांची रेकॉर्डिंग होती. ताईंनी त्या सातांचेही नकाशे काढले. पाहतो तर प्रत्येक फाइलच्या शेवटी तोच शब्द. कोणी दीड दिवसात घरी गेला होता, कोणी अडीच, पण यंत्राने प्रत्येकासाठी चार दिवसांची जागा धरलेली. रेकॉर्डिंग संपल्यावर उरलेली जागा परत द्यायला हवी, ते मात्र कंपनीचं सॉफ्टवेअर करतच नव्हतं. गेले कित्येक महिने मी डिस्क भरली म्हणून जुनी रेकॉर्डिंग बाहेर काढून ठेवत होतो, आणि डिस्क निम्मी रिकामी होती.

“ह्या शेपट्या कापल्या की जागाच जागा,” मी उत्साहात म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “कापायच्या आधी मॅडमले विचार. फाइल पेशंटची आहे, माही नाही अन् तुही बी नाही.”

डॉ. वैदेही ओपीडी सोडून वर आल्या. ताईंनी त्यांना दोन मिनिटांत सगळं सांगितलं. कुठे ‘बहुतेक’ आहे आणि कुठे ‘नक्की’, हे वेगळं करून सांगितलं. मला ते फार आवडलं. डॉक्टरांनाही आवडलं असावं, कारण त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“चूक झाली तर?”

“ज्या पेशंटचा रिपोर्ट झाला आहे आणि ज्याची कॉपी बाहेर आहे, त्याच्याच फाइलीपासून सुरुवात करते. एक करते, तुम्ही उघडून पाहा. बरोबर असन तरच दुसरी.”

“करा,” डॉक्टर म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे उभा राहून पाहत होतो. त्यांनी पहिल्या फाइलची लिहिलेली हद्द कागदावर मांडली. यंत्राच्या यादीतले सेकंद गुणिले अर्धा एमबी, असा दुसऱ्या बाजूने हिशेब केला. दोन्ही जुळले. मग फाइल तिथे बरोबर छाटली. मी ती उघडली. सुरुवात, मध्य, शेवटचं मिनिट. शेवटच्या मिनिटात पेशंट उठून कॅमेऱ्याला नमस्कार करत होता, तो तसाच होता. डिस्कवर शंभर जीबी मोकळे. मग दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी तोच क्रम, तीच सावकाशी. मला वाटत होतं, आता कळलं ना, झपझप करून टाकावं. त्यांचा वेग तिसऱ्या फाइलीलाही बदलला नाही.

चार चाळीसला भूमिकाचं नवीन रेकॉर्डिंग सुरू झालं. भूमिकाची स्वतःची जुनी फाइल जागच्या जागी, कुलपात.

“नवीनवालं तिच्या जुन्या जागेवर तर नाही ना लिहिणार?” मी घाबरत विचारलं.

“नाही. ती जागा तिच्या फाइलीच्या नावावर आहे. जोवर फाइल आहे तोवर डिस्क ती दुसऱ्या कोणाले देतच नाही.” मग त्या म्हणाल्या, “एक गंमत सांगू? न लिहिलेली जागा वाचाले गेलं ना, तर नुसते शून्य भेटतात. त्या जागेवर आधीच्या कोण्या पेशंटचं काही उरलं असन, तरी दाखवत नाही. एकाचं दुसऱ्याले दिसू नये म्हणून. आणि तरी लिहिलेलं कुठं संपलं ते बरोबर ध्यानात ठेवते, लाइट गेली तरी. कोण्या देशातल्या कोण्या माणसानं बसून हे लिहिलं असन. त्याले भूमिका माहीत नाही, धंतोली माहीत नाही. पण तिच्यासारखं कोणी असन, हा विचार त्यानं केला.”

एवढं एकावेळी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी संध्याकाळी मोठ्या बाहेरच्या डिस्कवर भूमिकाच्या फाइलची कॉपी लावून दिली आणि सात वाजता स्कूटर काढून बेसाला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या हजर. कॉपी झाली होती. मूळ फाइलला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, सगळं त्या कॉपीवर.

काम आता एवढंच होतं: फाइलच्या सुरुवातीला जिथे एकूण सेकंद लिहितात, तिथे शून्याऐवजी खरा आकडा घालायचा. पण ती जागा कोणती, हे पुस्तकात नव्हतं. ताईंनी सातही चांगल्या फाइलींचे सुरुवातीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. कंपनीचं नाव, यंत्राचा नंबर सगळीकडे सारखे. पेशंटचं नाव, तारीख वेगळी. आणि एका ठिकाणी कम्प्युटरच्या सांकेतिक आकड्यांचा असा एक गट, जो प्रत्येकात वेगळा आणि भूमिकाच्या फाइलमध्ये शून्य. तो गट उलगडला तर बरोबर त्या त्या पेशंटचे सेकंद निघाले. सातपैकी सात.

“आता सांग, भूमिकाचे किती पाहिजे?” त्यांनी मला विचारलं.

मी मोबाइलवर हिशेब केला. सोमवारी अकरा ते बुधवारी तीन वीस. बावन्न तास वीस मिनिटं. “एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे.”

त्यांनी नकाशावरून काढलेला आकडा दाखवला. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे एक्क्याण्णव.

“नऊ सेकंद कमी,” मी म्हणालो.

“ते गेले. लाइट गेली तेव्हा ते रस्त्यात होते, डिस्कवर पोहोचलेच नव्हते. ते मले आणता येणार नाही.”

त्यांनी ते असं सांगितलं जणू त्या नऊ सेकंदांबद्दल त्यांना कोणाची तरी माफी मागायची आहे.

आकडा घातला. मी यादी उघडली. बावन्न तास, एकोणीस मिनिटं, एक्कावन्न सेकंद. मी बुधवार, दोन सदतीसवर गेलो. स्क्रीनवर भूमिका पलंगावर बसलेली, आईशी काहीतरी बोलत. खाली तिच्या मेंदूच्या रेषा, आधी सरळसाध्या, आणि मग एका कोपऱ्यातल्या दोन तारांवर बारीक, टोकदार, एकसारख्या लाटा उठायला लागल्या. तिने वासाचं सांगायच्याही अकरा सेकंद आधी.

डॉ. वैदेहींना बोलावलं. त्यांनी ती जागा चार वेळा पाहिली, मग मंगळवारचा झटका काढायला सांगितला. तिथेही त्याच दोन तारा, त्याच लाटा, उजव्या कानशिलाच्या आत.

“दोन्ही एकाच ठिकाणाहून,” त्या म्हणाल्या. मग ताईंकडे वळल्या. “चारुलताताई, हे नसतं तर मला या मुलीला आणखी चार दिवस औषधाशिवाय ठेवावं लागलं असतं. कदाचित आठ. आणि असा झटका कधी कधी थांबत नाही. तुम्हाला कल्पना आहे ना, तुम्ही काय वाचवलंत?”

ताई म्हणाल्या, “मॅडम, मी काही आणलं नाही. होतं तेच मोजलं.”

दुपारी बारा वाजता भूमिकाची औषधं पूर्ववत सुरू झाली. मी तिच्या डोक्यावरच्या तारा काढत होतो तेव्हा तिने विचारलं, “दादा, केसांचा डिंक जाईन ना?” तिला झाल्या गोष्टीचा पत्ताच नव्हता. शामलाबाई मात्र तळमजल्यावर जाऊन ताईंना शोधून आली. ती तिथे काय बोलली ते मला माहीत नाही. ताईंच्या टेबलावर दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर संत्री होती.

ताईंनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. तक्रारीचा सूर कुठेही नाही. काय घडलं, का घडलं, आणि दोन सूचना: रेकॉर्डिंग संपल्यावर उरलेली जागा परत द्या, आणि सेकंदांचा आकडा शेवटी लिहिण्याऐवजी दर मिनिटाला लिहा. सोबत आठही नकाशे. महिनाभर उत्तर आलं नाही. मग एका दिवशी कंपनीच्या मुख्य प्रोग्रामरचा फोन आला आणि तो ताईंशी पाऊण तास बोलला. मी त्याच खोलीत होतो. तो विचारत होता आणि ताई सांगत होत्या. जूनमध्ये नवीन सॉफ्टवेअर आलं, त्यात दोन्ही सूचना होत्या. त्यात ताईंचं नाव कुठे नव्हतं. मला फार राग आला. ताईंनी नवीन सॉफ्टवेअरसोबतची माहिती काढली आणि डब्यासोबत वाचायला घेतली.

भूमिकाचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, शब्द पटकन आठवायचे नाहीत, आणि शामलाबाईने मला दोनदा घाबऱ्याघुबऱ्या फोन केला. मग ते हळूहळू कमी झालं. गेल्या महिन्यात ती तपासणीला आली तेव्हा एकही झटका न येता नऊ महिने झाले होते. डॉक्टर म्हणतात, इतक्यात काही ठामपणे सांगता येणार नाही, औषधं चालूच ठेवायची. भूमिकाने काटोलला कॉलेजात नाव घातलं आहे आणि एकटी एसटीने जाते.

तपासणी झाल्यावर ती माझ्या खोलीत आली. तिला एक मागायचं होतं.

“दादा, मले तो व्हिडिओ पाहाचा आहे. माह्या झटक्याचा.”

मी म्हणालो, कशाला? तर म्हणाली, “आठ वर्षं सगळ्यायनं पाहिला. शाळेतल्या पोरींनी, मावशीनं, बसमधल्या लोकायनं. मीच नाही पाहिला.”

मी डॉ. वैदेहींना विचारलं. त्या म्हणाल्या, तिचा आहे, तिला दाखव. आई सोबत असू दे. मी ताईंनाही वर बोलावलं, कारण मला एकट्याने तो दाखवायचा धीर होईना.

आम्ही चौघं त्या छोट्या खोलीत बसलो. मी बुधवार, दोन सदतीस लावलं. भूमिका अजिबात न हलता पाहत होती. स्क्रीनवरची भूमिका थिजली, तिचा हात वळला, मान मागे गेली. शामलाबाईने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहायला लागली. एक मिनिट बावन्न सेकंद. ते संपलं आणि स्क्रीनवरची पोरगी झोपली, तरी भूमिकाने बंद कर म्हटलं नाही. आणखी तीनचार मिनिटं ती तशीच पाहत राहिली.

मग तिने विचारलं, “आई, तुहा हात इतका वेळ माह्या डोक्याखाली राहते?”

शामलाबाईने पदर खाली घेतला आणि स्क्रीनकडे पाहिलं.

“दुखत नाही का गं तुले?”

“मुंग्या येतात,” शामलाबाई म्हणाली.

भूमिकाने आईचा हात हातात घेतला आणि तळवा उलटा करून पाहिला. चारुलताताई उठल्या, चष्मा काढून ओढणीने पुसला आणि म्हणाल्या, “चला, चहा घेऊ. खाली कॅन्टीनमध्ये आत्ता गर्दी नसते.”